नऊपैकी पाच अक्षरे : मेज-ए३, टायटिन आणि पेप्टाइडच्या भाकिताचे एक प्रकरण

कर्करोगाच्या पेशींवरील एक विशिष्ट पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, ओळखावा यासाठी प्रयोगशाळेत घडवलेल्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेतल्या पांढऱ्या रक्तपेशी, ज्या पहिल्या दोन रुग्णांना देण्यात आल्या, त्या दोघांचाही पेशी दिल्यानंतर काही दिवसांतच कार्डिओजेनिक शॉकने, म्हणजे हृदय पुरेसे रक्त ढकलू न शकल्याने, मृत्यू झाला. त्यांच्यापैकी एकाला मेलॅनोमा (त्वचेतील रंगपेशींचा कर्करोग) होता आणि दुसऱ्याला मायलोमा (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग). शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूला झालेली गंभीर इजा दिसली आणि त्या स्नायूत शिरलेल्या टी-पेशीही दिसल्या. मात्र ज्या प्रथिनावर हल्ला करण्यासाठी या पेशी तयार केल्या होत्या, ते मेज-ए३ नावाचे प्रथिन हृदयाच्या ऊतीत कोठेही आढळले नाही. या चाचण्यांचा आणि त्यानंतरच्या तपासाचा वृत्तांत २०१३ साली दोन शोधनिबंधांतून प्रसिद्ध झाला. उपचारातील दुर्घटना म्हणून या प्रकरणाची चर्चा बरीच झाली आहे. येथे ते भाकिताचे प्रकरण म्हणून मांडायचे आहे. कोणता पेप्टाइड रोगप्रतिकार यंत्रणेला चेतवेल हे आधी गणिताने सांगता येते का, आणि येत असेल तर गणिताला नेमका प्रश्न कोणता विचारावा, हे या दोन मृत्यूंइतके स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही असे मला वाटते.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःच्या प्रथिनांचे सतत तुकडे करत असते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. त्यांतले साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे काही तुकडे, म्हणजे पेप्टाइड, एचएलए नावाच्या, माणसागणिक प्रकार बदलणाऱ्या रेणूच्या खाचेत बसतात आणि पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात. टी-पेशी आपल्या ग्राहीने, म्हणजे रिसेप्टरने, हा पेप्टाइड आणि त्याला धरून ठेवणारा एचएलए रेणू असे दोन्ही एकत्र वाचते, आणि तो परका किंवा बिघडलेला वाटला तर ती पेशी मारते. याचा अर्थ असा की पेप्टाइड प्रतिकारशक्तीला चेतवेल की नाही, हे दोन वेगळ्या गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट म्हणजे तो खाचेत बसतो का, आणि दुसरी म्हणजे बसल्यावर एखादा ग्राही त्याला ओळखतो का. या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर देण्यात संगणकीय पद्धतींनी मोठी मजल मारली आहे, आणि दुसऱ्याचे उत्तर अजूनही बरेचसे हाती लागलेले नाही.

पहिल्या प्रश्नाची वाट १९९१ साली मोकळी झाली. जर्मनीत हान्स-गेऑर्ग रामेनझे यांच्या गटाने एचएलए आणि तत्सम रेणूंच्या खाचेतून पेप्टाइड धुऊन काढले आणि त्यांचा क्रम वाचला. तेव्हा असे दिसले की प्रत्येक प्रकारच्या रेणूला ठरावीक जागी ठरावीक अमिनो आम्ले लागतात. त्या जागांवरची आम्ले जहाजाच्या नांगरासारखी खाचेत रुततात. त्यानंतर या नांगरजागांचे तक्ते झाले, तक्त्यांवरून गुण देणारे कार्यक्रम झाले आणि २००० नंतर डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातून नेटएमएचसीसारखी, चेताजालांवर (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यांवर) चालणारी साधने आली. पेप्टाइडचा क्रम आणि एचएलएचा प्रकार दिला की तो बसण्याची शक्यता किती, हे ही साधने काही क्षणांत सांगतात. या क्षेत्राचा एक धागा पुण्याचाही आहे. अशोक कोळसकर आणि प्रसाद टोणगावकर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेली, प्रथिनातील प्रतिजनी भाग ओळखण्याची पद्धत सुमारे ७५ टक्के अचूकतेची होती, आणि प्रतिकारशास्त्राच्या सार्वजनिक विदागारात ती आजही एक पर्याय म्हणून उपलब्ध आहे. ती पद्धत टी-पेशींसाठी नव्हे, प्रतिपिंडे जेथे चिकटतात त्या जागांसाठी आहे. पण मोजके प्रायोगिक पुरावे आणि अमिनो आम्लांचे गुणधर्म यांवरून क्रमातली ‘बोलकी’ जागा शोधायची, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे.

लक्ष्याची निवड

मेज कुळातली प्रथिने लक्ष्य म्हणून निवडण्यामागचे कारण पक्के होते. ब्रुसेल्समध्ये थिअरी बून यांच्या गटाने १९९१ साली मेलॅनोमाच्या रुग्णाच्या टी-पेशी काय ओळखतात याचा शोध घेताना या कुळातले पहिले जनुक शोधले. या प्रथिनांची निर्मिती निरोगी प्रौढ शरीरात जवळजवळ फक्त वृषणात होते, आणि तेथील जननपेशी एचएलए रेणू मांडत नसल्यामुळे टी-पेशींना त्या दिसत नाहीत. अनेक प्रकारच्या कर्करोगांत मात्र ही जनुके पुन्हा जागी होतात. कर्करोगात दिसणारे आणि निरोगी अवयवांत न दिसणारे असे लक्ष्य मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि मेज-ए३ तसे लक्ष्य होते. त्यातला नऊ अमिनो आम्लांचा पेप्टाइड एचएलए-ए*०१ या प्रकारच्या खाचेत बसतो, हेही १९९० च्या दशकापासून माहीत होते.

अडचण वेगळीच होती. कर्करोगातल्या स्वतःच्याच प्रथिनांना ओळखणाऱ्या नैसर्गिक ग्राहींची पकड सहसा सैल असते, कारण शरीर स्वतःच्या पेप्टाइडांना घट्ट धरणाऱ्या टी-पेशी, त्या जेथे तयार होतात त्या थायमस ग्रंथीतच बाद करते. म्हणून मेज-ए३ ओळखणाऱ्या ग्राहीत प्रयोगशाळेत काही अमिनो आम्ले बदलून त्याची पकड वाढवण्यात आली, आणि तो सुधारलेला ग्राही रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशींत घालण्यात आला. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघते. नैसर्गिक ग्राही थायमसच्या परीक्षेतून उतरलेला असतो; त्या व्यक्तीच्या स्वतःच्या हजारो पेप्टाइडांसमोर त्याची तपासणी झालेली असते. प्रयोगशाळेत घडवलेला ग्राही त्या परीक्षेला बसलेलाच नसतो. शरीर जे काम एरवी स्वतःच करते, ते काम येथे माणसाला आपल्या चाचण्यांनी आणि आपल्या गणिताने करायचे होते.

चाचण्या कमी झाल्या असे म्हणता येणार नाही. वेगवेगळ्या अवयवांतून घेतलेल्या निरोगी मानवी पेशी या टी-पेशींसमोर ठेवण्यात आल्या आणि लक्ष्याबाहेरची काही ओळख दिसते का ते पाहण्यात आले; चिंतेचे काही आढळले नाही. उंदरांवरच्या प्रयोगांचा येथे फारसा उपयोग नसतो, कारण उंदरात माणसाचे एचएलए रेणू नसतात आणि त्याची प्रथिनेही अक्षरशः आपली नसतात. तरीही चाचण्या जेथे अपुऱ्या पडल्या ती जागा कोणाच्या निष्काळजीपणाची नव्हती, असे वृत्तांत वाचताना जाणवते, आणि म्हणूनच हे प्रकरण अधिक अस्वस्थ करते.

तपास

मृत्यूंनंतर शोधकांनी प्रश्न उलट्या बाजूने विचारला. मेज-ए३ चा पेप्टाइड घेऊन त्यातले एकेक अमिनो आम्ल बदलायचे आणि प्रत्येक वेळी टी-पेशीचा प्रतिसाद टिकतो की मावळतो ते पाहायचे, असे त्यांनी ठरवले. प्रतिसाद मावळला तर ते अक्षर ग्राहीला किंवा खाचेला आवश्यक. टिकला तर त्या जागी काय आहे याची ग्राहीला पर्वा नाही. अमिनो आम्लांसाठी रसायनशास्त्रात वापरतात ती एकाक्षरी नावे घेतली तर मेज-ए३ चा पेप्टाइड असा वाचता येतो: ई-व्ही-डी-पी-आय-जी-एच-एल-वाय. या तपासातून कळले की ग्राहीच्या दृष्टीने पहिला ई, तिसरा डी, चौथा पी, पाचवा आय आणि शेवटचा वाय ही पाच अक्षरे महत्त्वाची आहेत. उरलेल्या चार जागा बऱ्यापैकी मोकळ्या होत्या.

मग हा साचा, म्हणजे ‘ई, काहीही, डी, पी, आय, काहीही, काहीही, काहीही, वाय’, मानवी प्रथिनांच्या विदागारात शोधण्यात आला. जे थोडे पेप्टाइड या साच्यात बसले त्यांतला एक होता ई-एस-डी-पी-आय-व्ही-ए-क्यू-वाय. दोन्ही क्रम एकाखाली एक लिहून पाहावेत:

मेज-ए३ : ई – व्ही – डी – पी – आय – जी – एच – एल – वाय

टायटिन : ई – एस – डी – पी – आय – व्ही – ए – क्यू – वाय

नऊपैकी चार अक्षरे वेगळी आहेत. डोळ्यांनी पाहणाऱ्याला हे दोन सख्खे भाऊ वाटणार नाहीत, दूरचे नातेवाईक वाटतील. पूर्ण क्रम जुळवून साम्य मोजणाऱ्या सर्वसाधारण शोधातही चार ठिकाणी फरक असलेला नऊ अक्षरांचा तुकडा यादीत खूप खाली जातो, कारण त्याच्याआधी एक-दोन फरकांचे तुकडे येतात आणि चार फरकांचे तुकडे तर इतके असतात की त्यांच्याकडे लक्ष जाणे अवघड. पण हे चारही फरक नेमके त्या जागांवर आहेत ज्या या ग्राहीने वाचल्याच नाहीत. उलट दुसऱ्या जागेवरचा एस, म्हणजे सेरीन, एचएलए-ए*०१ च्या खाचेला मेज-ए३ मधल्या व्हीपेक्षा, म्हणजे व्हॅलीनपेक्षा, अधिक मानवतो. त्या प्रकाराला दुसऱ्या जागी सेरीन किंवा थ्रिओनीन, तिसऱ्या जागी डीसारखे आम्लधर्मी अक्षर आणि शेवटी टायरोसीन, म्हणजे वाय, आवडते. म्हणजे बसण्याचे भाकीत करणाऱ्या कोणत्याही चांगल्या साधनाला हा पेप्टाइड दाखवला असता तर त्याने ‘बसतो’ असेच सांगितले असते. तो दाखवावा हे कोणाला सुचले नाही, एवढेच.

हा पेप्टाइड टायटिनमधला आहे, ही गोष्ट तर आणखीच महत्त्वाची. टायटिन हे हृदयाच्या आणि इतर रेषित स्नायूंमधले, स्नायूला स्प्रिंगसारखी ताण घेण्याची क्षमता देणारे, माणसाच्या शरीरातले सर्वांत मोठे प्रथिन आहे. त्यात ३४,००० हून अधिक अमिनो आम्ले आहेत. थोडा हिशेब करून पाहू. माणसाची सुमारे २०,००० प्रथिने एकत्र लिहिली तर साधारण १.१ कोटी अमिनो आम्ले होतात, म्हणजे नऊ अक्षरांचे तेवढेच तुकडे. सरासरी प्रथिन साडेपाचशे अक्षरांचे आणि टायटिन त्याच्या साठपट. नऊ अक्षरी तुकड्यांपैकी दर तीनशे-सव्वातीनशे तुकड्यांमागे एक एकट्या टायटिनचा. आता पाच अक्षरे पक्की असलेला साचा केवळ योगायोगाने जुळण्याची शक्यता, प्रत्येक जागी वीसही अमिनो आम्ले सारखीच येतात असे धरले तर, ३२ लाखांत १ येते. १.१ कोटी तुकड्यांत त्यामुळे असे तीन-चार जोडीदार निव्वळ योगायोगानेच सापडायला हवेत. प्रत्यक्षात अमिनो आम्ले समप्रमाणात नसतात, तेव्हा हा आकडा ढोबळच आहे. पण त्याचा अर्थ ढोबळ नाही. नऊपैकी पाचच अक्षरे वाचणाऱ्या ग्राहीला मानवी शरीरात दुसरा जोडीदार असणे हा अपवाद नसून जवळजवळ निश्चित गोष्ट आहे, आणि तो जोडीदार कोणत्या अवयवात निघेल एवढाच प्रश्न उरतो.

मग निरोगी पेशींवरच्या चाचण्यांत हृदय का सुटले? प्रयोगशाळेत वाढवलेल्या हृदयापासूनच्या पेशी तपासल्या होत्या, आणि टी-पेशींनी त्यांना हात लावला नव्हता. तपासात मूलपेशींपासून घडवलेल्या हृदयस्नायूपेशी वापरल्या तेव्हा चित्र बदलले. या पेशी ताटलीत नुसत्या पडून राहत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा थर ठरावीक लयीत आकुंचन पावताना आणि सैल होताना दिसतो, आणि त्या काम करत असल्यामुळे टायटिनही तयार करतात. घडवलेल्या टी-पेशी त्यांच्यासोबत ठेवल्यावर त्यांनी या धडधडणाऱ्या पेशी मारल्या. नेहमीच्या पद्धतीने वाढवलेल्या हृदयपेशी नावाने हृदयाच्या असल्या तरी स्नायूचे काम करत नव्हत्या, आणि त्यामुळे जे प्रथिन हृदयाला हृदय बनवते तेच त्यांच्यात पुरेसे नव्हते. भाकितात आणि चाचणीत एकच पोकळी होती, आणि दोन्हींनी एकमेकांच्या चुकीला दुजोरा दिला.

पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनांनी, म्हणजे रेणूंचे स्फटिक करून टिपलेल्या त्रिमितीय चित्रांनी, शेवटची शंका फेडली. ग्राही मेज-ए३ च्या पेप्टाइडला ज्या रीतीने धरतो, जवळजवळ त्याच रीतीने टायटिनच्या पेप्टाइडलाही धरतो. टायटिनवरची पकड अधिक सैल होती, तरी हृदयाचा नाश होण्यास ती पुरेशी ठरली.

कोणता प्रश्न विचारायचा राहिला

या प्रकरणाची तुलना त्याच वर्षी, म्हणजे २०१३ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीशी करणे उपयोगी आहे. ती मेज-ए३ च्याच दुसऱ्या पेप्टाइडवर होती, पण एचएलए-ए*०२ साठी. उपचार घेतलेल्या ९ रुग्णांपैकी ५ जणांच्या गाठी आकसल्या, मात्र ३ जणांना मेंदूचा त्रास झाला आणि त्यांतले दोघे कोमात जाऊन मरण पावले. तेथे दोषी ठरला मेज-ए१२ चा पेप्टाइड, जो लक्ष्यापेक्षा फक्त एका अक्षराने वेगळा होता, आणि ग्राही त्याला ओळखतो हे आधीपासून माहीतही होते. माहीत नव्हते ते एवढेच की मेज-ए१२ मेंदूत तयार होते. म्हणजे तेथे जोडीदार ठाऊक होता आणि त्याचा पत्ता ठाऊक नव्हता. टायटिनच्या बाबतीत पत्ता कोणत्याही पाठ्यपुस्तकात होता, पण जोडीदार म्हणून त्याची ओळख पटलेली नव्हती. धोक्याचे भाकीत करायचे तर ग्राही कोणती अक्षरे वाचतो, ती अक्षरे त्याच क्रमाने आणखी कोठे येतात, तो तुकडा त्या रुग्णाच्या एचएलएमध्ये बसतो का, आणि ते प्रथिन जिवंत शरीरात कोणत्या पेशीत बनते, ही चारही उत्तरे हवीत. यांतली तीन संगणक आज बऱ्यापैकी देऊ शकतो. पहिले मात्र अजून प्रयोगातूनच मिळवावे लागते, आणि ते नसेल तर उरलेली तीन आंधळी होतात.

एखाद्या न पाहिलेल्या पेप्टाइडला एखादा ग्राही ओळखेल का हे केवळ क्रमावरून सांगणारी यंत्रशिक्षणाची साधने गेल्या काही वर्षांत बरीच आली आहेत. त्यांचे यश, शिकताना पाहिलेल्या पेप्टाइडांपुरते, चांगले असते. नव्या पेप्टाइडसमोर ती डळमळतात. यात नवल नाही. एकच टी-पेशी ग्राही दहा लाखांहून अधिक वेगवेगळे पेप्टाइड ओळखू शकतो, असे २०१२ साली कार्डिफमधल्या संशोधकांनी दाखवले. नऊ अक्षरांचे शक्य पेप्टाइड ५१,२०० कोटी आहेत, आणि ग्राही व पेप्टाइड यांच्या जोड्यांची खात्रीशीर नोंद त्या मानाने नगण्य आहे. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर शिकलेल्या साधनाने ‘धोका नाही’ असे सांगितले तर त्याचा अर्थ ‘धोका दिसला नाही’ एवढाच घ्यावा, हे माझे मत मी येथे आग्रहाने नोंदवतो.

म्हणूनच या प्रकरणानंतर क्षेत्राने जी सवय लावून घेतली ती मला योग्य वाटते. आता पेप्टाइडच्या प्रत्येक जागी एकच अक्षर बदलून पाहत नाहीत. उरलेली सर्व १९ अक्षरे घालून पाहतात. नऊ जागांसाठी १७१ पेप्टाइड तयार होतात, त्या प्रत्येकावर टी-पेशीचा प्रतिसाद मोजला जातो आणि त्या तक्त्यातून ग्राहीचे खरे ‘वाचन’ उभे राहते. तो तक्ता मग सगळ्या मानवी प्रथिनांवर चालवला जातो, मिळालेल्या उमेदवारांतून एचएलएमध्ये बसणारे वेगळे केले जातात, आणि उरलेल्यांचे जनुक कोणत्या ऊतीत चालते ते पाहून जोखीम ठरवली जाते. अशी साधने तपासताना टायटिनचा तो नऊ अक्षरी तुकडा अनेकदा कसोटीला घेतला जातो. जे साधन त्याला वर आणू शकत नाही त्यावर विश्वास ठेवणे अवघड.

या वाटेने मेज कुळाचाच एक उपचार अखेर रुग्णांपर्यंत पोचला. मेज-ए४ च्या पेप्टाइडला ओळखणाऱ्या, पकड वाढवलेल्या ग्राहीच्या टी-पेशींना, सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मीळ कर्करोगासाठी, ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली. त्या मान्यतेसोबतच्या माहितीपत्रकात एचएलएचे प्रकार नावानिशी दिलेले आहेत: ए*०२ चे ०१, ०२, ०३ आणि ०६ हे उपप्रकार चालतात, आणि ०५ असलेल्या रुग्णाला हा उपचार देऊ नये असे स्पष्ट बजावले आहे. खाचेतला एखाद-दुसरा फरकही ग्राहीच्या वाचनात काय बदल घडवू शकतो, हे आता औषधाच्या वेष्टनावर लिहिले जाते.

मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या आणि २०२३ साली मान्यता मिळालेल्या पेशी-उपचारापुढे हा प्रश्न येत नाही, कारण त्यातल्या टी-पेशी पेप्टाइड वाचत नाहीत, बी-पेशींच्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या रक्तपेशींच्या) पृष्ठभागावरचे सीडी१९ हे अख्खे प्रथिन ओळखतात, आणि त्यासाठी रुग्णाचा एचएलए प्रकार पाहावा लागत नाही. पण पेशीच्या आतल्या प्रथिनांवरचे उपचार आपल्याकडे येतील तेव्हा येईल. भारतीयांमध्ये ए*०२ च्या ज्या उपप्रकाराचे प्रमाण लक्षणीय आहे, तो म्हणजे ए*०२:११. वरच्या चार नावांत तो नाही.